घर्षण नाही असे समजून दिलेले नऊ गुण

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक) साहेब,
शिक्षण कार्यालय, दुसरा मजला.
(जिना अरुंद आहे व वळणावरचा कठडा हलतो. आपले लोखंडी कपाट अर्जदाराच्या मुलांनीच तिथून वर चढवले होते, म्हणून माहीत आहे.)

विषय : नववीच्या भौतिकशास्त्राच्या चाचणीत नातीला पंचवीसपैकी नऊ गुण देऊन वर शेरा मारल्याबद्दल, व फेरचाचणीस परवानगी मिळण्याबद्दल.

संदर्भ : १) नातीची उत्तरपत्रिका, लाल शाईसह. २) शाळेचे विज्ञानाचे मास्तर, रविवारी सकाळी समक्ष.

महोदय,

१. विज्ञानाचे मास्तर स्वभावाने वाईट नाहीत, पण लाल पेन हातात आले की त्यांचे भान सुटते, ही अर्जदाराची पहिली तक्रार आहे. त्यांनी अर्जदाराच्या नातीच्या उत्तरपत्रिकेवर, सगळ्या वर्गाला वाचता येईल एवढ्या ठळक अक्षरात, "घरच्या गोष्टी उत्तरपत्रिकेत आणू नयेत" असे लिहिले. आमच्या घरच्या गोष्टी आजवर कोणी बाहेर नेल्या नाहीत आणि कोणाच्या बापाची नेण्याची छाती नाही. तेव्हा नातीने नेमके काय नेले, हे पाहणे अर्जदाराला भाग पडले. (अर्जात 'मी, मी' लिहिल्यास उद्धटपणा दिसतो असे थोरल्या मुलाचे म्हणणे पडल्यावरून सगळीकडे 'अर्जदार' लिहिले आहे. शुद्धलेखन सुनेने तपासले आहे. टोमणे तपासायला दिलेले नाहीत.)

२. अर्जदार तिसरीपर्यंत शिकलेली असून अवजड सामान हलवण्याचा धंदा चाळीस वर्षे चालवीत आहे. नवरा गेल्यावर लोक म्हणाले, बाई, पहारी आणि दोर विकून टाका. अर्जदाराने दोन दोर नवे घेतले. आज दोन मुले, चार गडी, एक गाडी, नऊ फळ्या व सामानाखाली घालून ते सरकवायच्या लोखंडी नळ्यांचा एक भारा एवढा पसारा असून सगळे अर्जदाराला मुकादमीण म्हणतात. कपाट, तिजोरी, शिवणयंत्र, एकदा तर दवाखान्यातली दात काढायची खुर्ची, असे काय काय आम्ही जिन्यांतून चढवले व उतरवले आहे. भिंतीला ओरखडा आलेला नाही. माणसाला दोनदा आला, ते दोघेही सांगितलेले ऐकत नव्हते.

३. आता चाचणीबद्दल. पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला एक गुण, प्रत्येकाखाली चार उत्तरे, त्यांतल्या एकावर खूण करायची. नातीने जिथे पटले तिथे खूण केली आणि जिथे पटले नाही तिथे शेजारच्या कोऱ्या जागेत लिहिले. कोरी जागा शाळेनेच ठेवली होती. प्रश्न दुसरा असा, की एकच पेटी तेवढ्याच उंचीवर चढवायची आहे, लांब फळीला जोर कमी लागेल की आखूड फळीला? नातीने लिहिले, "लांब फळीला. पण मध्ये टेकू नसेल तर आखूडच घ्यावी." मास्तरांनी शून्य दिले, कारण उत्तरे दोन झाली. प्रश्न नववा, उंच कपाट न कलंडता सरकवायचे तर कुठे ढकलाल? नातीने लिहिले, "आधी खण काढून घ्यावेत आणि दारे दोरीने बांधावीत. मग खालच्या बाजूला." शून्य. अहो साहेब, तिने कपाट वाचवले, मालकाच्या कपबश्या वाचवल्या, गड्याची बोटे वाचवली, आणि शून्य.

४. प्रश्न पाचवा विशेष आहे. एक पेटी चाळीस किलोची, एक दहा किलोची, दोन्ही एकाच उंचीवरून एकाच वेळी सोडल्या तर आधी कोणती पोहोचेल? नातीने लिहिले, "पेटी सोडायचीच नसते. आमच्यात पेटी सोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाहीत." हे उत्तर वाचून अर्जदाराचा ऊर भरून आला. मास्तरांचे म्हणणे, दोन्ही बरोबरच पोहोचतात. हे धादांत खोटे आहे. शहाण्या माणसाने सांगू नये आणि वेड्याने ऐकू नये. चाळीस वर्षे ज्या बाईच्या डोळ्यांसमोर वजने चढली-उतरली तिला हे कोणी शिकवू नये. जड ते आधी पडणार. या एका प्रश्नावरून मास्तरांचे मास्तरपण तपासून पाहावे, अशी अर्जदाराची मागणी आहे.

५. बाकीच्या प्रश्नांत जिथे तिथे एकच पालुपद आहे. घर्षण नाही असे समजा. दोरीला वजन नाही असे समजा. फळी वाकत नाही असे समजा. एवढे समजून घेणारी सून मिळाली असती तर अर्जदाराने देवाकडे आणखी काय मागितले असते? (हे वाक्य सुनेने दोनदा तपासले व शुद्धलेखनाची चूक नाही एवढेच सांगितले, याची नोंद घ्यावी.) घर्षण नाही असे आमच्या गड्याने एकदा जरी समजून घेतले, तर तिजोरी थेट त्याच्या पायावर येईल व घर्षण कशाला म्हणतात ते त्याला जन्मभर समजेल.

६. गुणांचे दुःख अर्जदाराला नाही. अर्जदाराला तिसरीत गणितात तीन होते आणि आजवर कोणी विचारले नाही. परंतु बारा गुणांच्या खाली आलेल्यांना पुढच्या वर्षी प्रयोगशाळेच्या तुकडीत घेणार नाहीत, असा नियम निघाला आहे. नात त्या तुकडीवर दोन वर्षे डोळा ठेवून आहे. आमचे घर तिला पुस्तकासारखे आहे. दोर का तुटला, नळी का घसरली, हे विचारून विचारून तिने गड्यांना जेवू दिलेले नाही. ती पोरगी निकालाच्या दिवशी घरी आली, वह्या फळीवरून काढून खोक्यात भरल्या, खोक्याला गाठ मारली (गाठ उत्तम होती), आणि उद्यापासून मला गाडीवर घे म्हणाली. साहेब, ओझे उचलणे हलके काम नाही, आणि कोणी हलके म्हटले तर अर्जदार त्याला एक टोक धरायला लावते. पण नातीने या कामावर यायचे तर स्वतः ठरवून यावे. शाळेने ढकलले म्हणून येऊ नये. ढकललेली वस्तू कशी येते ते आम्हाला माहीत आहे. तोल जाऊन येते.

७. इथपर्यंतचा अर्ज शनिवारी लिहून झाला होता. पुढचा सोमवारी लिहीत आहे, कारण मध्ये रविवार आला आणि रविवारी मास्तर आले.

८. त्यांना निरोप अर्जदारानेच पाठवला होता, की आपण यावे, नाहीतर अर्जदार वर्गात येईल. ते सकाळी नऊला हजर झाले. अंगाने काटकुळे, चष्मा घसरता, पिशवीत बाकीच्या वर्गाच्या उत्तरपत्रिका. अंगणातल्या बाकावर बसून त्यांनी नम्रपणे सांगितले, की प्रश्नांत एका वेळी एकच गोष्ट तपासायची असते, म्हणून बाकीच्या बाजूला ठेवतात. एकशेवीस पेपर एका आठवड्यात तपासायचे, त्यात कोरी जागा कोण वाचणार? आणि गुण नोंदवहीत चढून कार्यालयात गेले, आता फेरचाचणी साहेबच देऊ शकतात. बोलणे सरळ होते. अर्जदाराला राग टिकवायला कष्ट पडले.

९. म्हणून अर्जदाराने त्यांना सांगितले, की ही समोर दोनशे किलोची तिजोरी आहे, ती आपण गाडीवर चढवून दाखवावी. माणसे आमची, सामान आमचे, हुकूम तुमचा. मास्तरांनी गाडीची उंची वितीने मोजली, अडीच फूट. दहा फुटांची फळी निवडली. मग उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावरच्या कोऱ्या कागदावर गणित केले, की चौपट लांब फळी म्हणजे जोर पाव, पन्नास किलो एवढाच. धाकट्या मुलाने विचारले, बरोबर का? मास्तर म्हणाले, बरोबर, घर्षण नाही असे समजून. त्यावर चारही गडी एकाच वेळी दुसरीकडे पाहू लागले.

१०. तिजोरी नळ्यांवरून फळीच्या मध्यापर्यंत गेली आणि तिथे फळी वाकून पाळण्यात घातल्यासारखी खोल बसली. पुढे चढेना, मागे येईना. मास्तर तिला निरखायला वाकले ते नेमके उताराच्या तोंडाशी, जिथे आमच्यात मांजरसुद्धा उभे राहत नाही. थोरल्याने त्यांना दंडाला धरून बाजूला केले. तेवढ्यात नात उठली. निकालापासून ती कोणाशी धड बोलत नव्हती. तिने कोपऱ्यातला लाकडी ठोकळा आणला, फळीखाली मधोमध सारला, वर पाचर ठोकली आणि पुन्हा जाऊन बसली. दोन गड्यांनी तिजोरी वर नेली. मास्तर ठोकळ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी अर्जदाराकडून तिची उत्तरपत्रिका मागून घेतली, प्रश्न दुसरा वाचला, कोऱ्या जागेतले वाचले, आणि चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छच होता.

११. इथे अर्ज संपला असता तर अर्जदाराची मान ताठ राहिली असती. पण मास्तर म्हणाले, आता एक प्रश्न मी विचारू का? आणि त्यांनी पाचवा प्रश्न अर्जदाराला विचारला. अर्जदाराने सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात, परिच्छेद ४ मधील उत्तर दिले. मास्तरांनी तिजोरीचे थोरले कुलूप एका हातात घेतले, एक लहानशी लोखंडी चकती दुसऱ्या हातात, गाडीवर चढले, खाली पत्रा ठेवायला सांगितला आणि दोन्ही सोडले. आवाज एकच झाला.

१२. अर्जदाराने पुन्हा सोडायला सांगितले. पुन्हा एकच. हात बदलायला सांगितले. मास्तरांनी ओठांत मंत्र वगैरे म्हटला नाही ना, यावर धाकट्याला लक्ष ठेवायला लावले. शेवटी अर्जदार स्वतः गाडीवर चढली, गुडघे दुखत असूनही, आणि स्वतःच्या हातांनी सोडून पाहिले. एकूण अकरा वेळा. अकराही वेळा पत्र्याने एकच उत्तर दिले. सून मोजत होती. ती या आठवड्यात पहिल्यांदाच हसली, आणि ते अर्जदाराला दिसले.

१३. सबब परिच्छेद ४ मागे घेत आहे. तो खोडलेला नाही, कारण खाडाखोड केलेला अर्ज कार्यालयात घेत नाहीत असे ऐकले. अर्जदार चाळीस वर्षे चुकत होती व त्याचे कारणही सांगते. आमच्यात कधी कोणी सोडून पाहिलेच नाही. धरून ठेवणे हीच आमची विद्या. मात्र दोन्ही पेट्या पोहोचतात बरोबर म्हणून नुकसानही बरोबरीने करत नाहीत, ही गोष्ट मास्तरांनीही मान्य केली.

१४. तरी साहेबांनी कृपा करून नातीची फेरचाचणी घ्यावी. पेपर तोच असला तरी चालेल, पण कोरी जागा वाचली जावी, नाहीतर ती छापू नये. निदान पाच प्रश्न समोर वस्तू ठेवून विचारावेत. फळ्या, नळ्या, कुलूप अर्जदार पुरवील, व आणून पोहोचवील, कारण तेवढे आम्हाला येते. पाचव्या प्रश्नाचे शून्य मात्र तसेच ठेवावे. त्याचे उत्तर पोरीने दिले नव्हते आणि आजीलाही आले नाही. फुकटचा गुण घरात नको. शेरा ज्या शाईने लिहिला त्याच शाईने मास्तरांनी स्वतः खोडावा. ते तयार आहेत. नात वह्यांच्या खोक्याची गाठ अजून सोडत नाही, पण रविवारी संध्याकाळी त्यातली एक वही खालून ओढून काढलेली दिसली. गाठ तशीच ठेवून वही कशी काढली, हे तिला फेरचाचणीत विचारावे.

याउपर साहेब सुज्ञ आहेत, जिनाही त्यांचाच आहे.

आपली, वयाने थोरली असूनही नम्र,
(सही)
मुकादमीण
मंगळवार, सकाळी, गाडी निघण्याआधी

सोबत : १) उत्तरपत्रिका. २) मास्तरांचे 'फेरचाचणीस माझी हरकत नाही' असे पत्र, मागच्या बाजूला तिजोरीचे गणित. ३) कुलूप व चकती. खात्री करून घ्यावी व परत पाठवावीत, तिजोरी उघडी आहे.

ता. क. : सून म्हणते, मास्तरांना निघताना काय सांगितले ते अर्जात आले नाही. ते असे. आमच्यात नव्या गड्याला लगेच जिन्यात लावत नाहीत, तीन रविवार अंगणात पारखतात. पहिल्या रविवारी सगळेच चुकतात. धाकट्याने पहिल्या रविवारी स्वतःच्याच पायावर फळी घेतली होती. त्या हिशेबाने अर्जदाराने मास्तरांनाही गुण दिले. गणिताचे पाच, कुलपाचे चार, फळीला शून्य, उभे राहण्याच्या जागेला शून्य. ते फाटकाशी वळले, हात नळ्यांनी काळे झालेले, तेव्हा अर्जदार सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असे म्हणाली,

"मास्तर, पंचवीसपैकी नऊ. पुढच्या रविवारी या. एका चाचणीवर आम्ही कुणाला काढत नाही."