रेंजवरची सरळ प्लेट

गुरु., ५ फेब्रुवारी २००९. अझैबा, मस्कत

आज परत 'आंटी'. प्रधान स्वतः पन्नाशीचा, केसांना काळं लावतो, आणि मी आंटी! क्लबचा सेक्रेटरी झाल्यापासून दिसेल त्या भिंतीला क्रीम कलर फासत सुटलाय. आज शूटिंग रेंजची पाळी.

टेनिस कोर्टामागची आमची लांबट शेड. दहा मीटर, चार लेन, क्लबच्या म्हाताऱ्या एअर रायफली. एन.सी.सी.त असताना खांद्याला लागलेली सवय मी इथे नोकरीला आल्यावरही सोडली नाही. रिटायर झाल्यापासून तर आठवड्यातली एवढी एकच संध्याकाळ माझी. टार्गेटांमागे लोखंडी प्लेट होती, वरचं टोक आपल्याकडे झुकलेलं. छर्रा आपटला की खाली वाळूच्या ट्रेमध्ये. तो कुठे जातो याचा कधी विचारसुद्धा करावा लागला नाही.

आज पाहते तर नवीन प्लेट. रंगवलेली, चकचकीत, भिंतीसारखी सरळ उभी. आणि ती बसवत होता कोण? माझा नवरा. व्हिन्सेंट सोहारला स्टीलच्या कारखान्यात फॅब्रिकेशनला आहे, आठवडाभर तिकडे, गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीला घरी. प्रधानने परस्पर त्यालाच गाठलेलं. मला पत्ता नाही.

मी म्हटलं, "प्रधान, ही तिरकी हवी."

"आंटी, तिरकी फार वाईट दिसत होती. पाहुणे येतात. आता बघा, कसं सगळं सरळ!"

"ती शोभेला नव्हती. समोरून छर्रा आपटला की तो समोरच परत येणार."

"छर्रा तो केवढा! यल्ला, चल व्हिन्सेंट, तो खालचा नट घट्ट कर."

व्हिन्सेंटने नट घट्ट केला.

शुक्र., ६ फेब्रु.

मिस्सा झाल्यावर गाडीत भांडण. चर्चच्या गेटबाहेर पडेपर्यंत दम धरला, एवढंच काय ते पुण्य.

व्हि. म्हणतो, "त्याने सरळ सांगितली, मी सरळ केली. शूटर तू आहेस, मी नाही."

"मग शूटरला विचारायचं होतंस!"

"विचारलं असतं तर तू त्याच्याशी भांडली असतीस."

खरं होतं, म्हणून आणखी चिडले.

मग हळूच दुसरं बाहेर आलं. प्लेट भंगारातली. फोरमनने होकाराची मान हलवली आणि याने पिकअपमध्ये टाकली. गेट-पास नाही. कारखान्यात सध्या मंदीचं वारं, दर आठवड्याला कोणाला ना कोणाला घरी पाठवतायत, आणि हा शहाणा प्रधानच्या शोभेसाठी मालकाचं लोखंड न विचारता घेऊन येतो. सापडला तर खलास. त्याची नोकरी गेली की व्हिसा गेला, माझाही. मी त्याच्याच व्हिसावर आहे.

"म्हणून अ‍ॅगी, प्लेटचं नाव काढू नकोस," म्हणाला.

गुरु., १२ फेब्रु.

फायरिंग लाइनजवळ फरशीवर चपटा छर्रा सापडला. आपल्या बाजूला! उचलून प्र.च्या टेबलावर ठेवला.

"कोणाच्या तरी खिशातून पडला असेल, आंटी."

चपटा झालेला छर्रा खिशात घालून कोण फिरतं, गाढवा? (हे तोंडातून निघालं नाही. कॉन्व्हेंटचे संस्कार. अजून थोडे शिल्लक आहेत.)

सगळ्यांना डोळे वाचवायचे चष्मे लावायला सांगितलं. हमीदभाईंनी नेहमीप्रमाणे हसण्यावारी नेलं. हमीदभाई दापोलीकडचे, रुस्ताकला दुकान आहे. एवढ्या लांबून गाडी हाकत येतात आणि माझ्या शेजारच्या लेनवर उभे राहतात. "बाय, चष्म्यात धुकं येतं, मग आपला नेम कुठला, टार्गेट कुठलं!" मी म्हटलं, तुमचा नेम धुक्याशिवायही काही धड नाही. हसले.

गुरु., १९ फेब्रु.

घरात शिरले ती थेट वहीशी. चपला अजून पायातच.

मी फायर केलं. त्याच क्षणी शेजारी हमीदभाई "या अल्ला" म्हणून खाली बसले. बोटांतून रक्त. डोळा गेला असंच वाटलं. माझा रुमाल दाबून धरला, हळूच बाजूला करून पाहिलं. डोळ्याच्या खाली. डोळा वाचला. छर्रा बोटभर वर लागला असता तर

प्र. धावत आला. पहिलं वाक्य काय? "लागलंय का?" नाही. "कोणी फायर केलं?"

मी म्हटलं, "मी. टार्गेटवर केलं. जाऊन बघ, टार्गेटला भोक आहे. छर्रा तुझ्या प्लेटवरून परत आलाय."

टार्गेटकडे बघितलंसुद्धा नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, "आंटी, या वयात हाताचा काय नेम?"

हाताचा काय नेम! मला!

क्लिनिकमध्ये हमीदभाईंनी डॉक्टरला सांगितलं, दुकानात पत्रा लागला. मी तोंड उघडणार तोच त्यांनी माझा हात दाबला. पोलिसांपर्यंत गेलं तर रेंजच बंद होईल म्हणून. म्हणजे ज्याला लागलं तोही खोटं बोलला. आणि मी शेजारी उभी राहून ते ऐकलं.

शुक्र., २० फेब्रु.

चर्चच्या पायरीवर आमची वसईची मंडळी वाटच बघत होती. "काय गं अ‍ॅग्नेस, कोणाला गोळी घातलीस म्हणे?" एक जण म्हणाली, "आता जपमाळ धर हातात, ती नाही उडत." खो खो.

मी म्हटलं, "तुझी जीभ उडते तेवढी पुरे आहे."

घरी येऊन मात्र जेवण गेलं नाही.

शनि., २१ फेब्रु.

प्र.चा फोन. कमिटीचा निर्णय: पंचावन्नच्या वरच्यांना रेंज बंद. "सेफ्टी, आंटी. तुमच्याच काळजीपोटी. लेडीजसाठी त्याच वेळेला हॉलमध्ये हाउजी ठेवतोय."

हाउजी!! म्हणजे मी आता आकडे पुकारणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचं.

विचारलं, "आणि प्लेट?"

"प्लेटचं काय?"

बुध., २५ फेब्रु. राखेचा बुधवार

कपाळाला राख. व्हि.चा सोहारहून फोन. "या उपवासकाळात काय सोडणार?"

"सुके बोंबील."

"राग सोड ना, अ‍ॅगी."

"बोंबील सोडले म्हणते ना!"

मग खरं कारण. कॉन्ट्रॅक्टचं नूतनीकरण मार्चअखेर आहे. तोवर क्लबमध्ये गाजावाजा नको. प्र. आणि कारखान्याचा मॅनेजर एकत्र गोल्फ खेळतात. "जाऊ दे ना. हाताला काम नाही का दुसरं?"

जाऊ दे. आमच्या घरी हे दोन शब्द भिंतीवर फ्रेम करून लावायला हवेत. माझं नाव जाऊ दे, असं तो म्हणाला नाही. तेवढं म्हणायचं धाडस असतं तर मी निदान त्याचा मान ठेवला असता.

शुक्र., २७ फेब्रु.

रुस्ताकला गेले, हमीदभाईंना बघायला. अर्धा चेहरा निळा-पिवळा. त्यांच्या बायकोने, जुबेदाने, इतकं वाढलं की उपवासकाळ आहे हे सांगायला तोंडच रिकामं होईना.

हमीदभाई म्हणाले, "बाय, तुमचा नेम काय मना ठाव नाय? तुमच्या हाताला चूक नाय. पन बोलून काय होनार? रेंज जाईल."

मी म्हटलं, "आणि पुढचा डोळा गेला तर?"

जुबेदा आतून म्हणाली, "मी तेच सांगते तर मला म्हनतात तू चाय कर."

तेवढ्यात हमीदभाईंनी क्लबचं आमंत्रण पुढे केलं, त्यांना आलेलं. मला अर्थातच नाही. शुक्रवार तेरा मार्च, 'फॅमिली फन-डे'. जेवण, संगीत, आणि मुलांसाठी रेंज खुली.

मुलांसाठी!

इंडियन स्कूलची एवढी एवढी पोरं. फायरिंग लाइनच्या टेबलाला टेकली की हनुवटी टेबलाच्या वर येते एवढीच. आणि समोर ती प्लेट.

परतीच्या रस्त्यावर एकटीच मोठ्याने बोलत होते. शेजारच्या गाडीतला ओमानी माणूस बघत राहिला. बघू दे.

रवि., १ मार्च

प्र.ला फोन केला. शांतपणे. जितकं जमलं तितकं शांतपणे. मुलांना तिथे उभं करू नकोस, आधी प्लेट तिरकी कर.

"आंटी, तुम्हाला रेंज बंद केली म्हणून तुम्ही मुलांचा खेळ मोडायला निघालात. शोभतं का?"

मी फोन आपटला. फोन चांगला होता. आता नाही.

गुरु., ५ मार्च

आज व्हि.ला रेंजवर नेलं. दुपारी क्लब ओस पडलेला असतो. वॉचमन म्हणाला, मॅडम, तुम्हाला बंद आहे. मी म्हटलं, या साहेबांनी बसवलेली प्लेट यांनाच तपासायचीय. खोटं नव्हतं.

दुधाच्या पावडरचं मोठं खोकं उलगडून फायरिंग लाइनवर टांगलं, मधे रायफलच्या नळीपुरती फट. दोघांनी त्याच्यामागे उभं राहायचं, चष्मे लावून. व्हि.ला म्हटलं, तू मार. माझ्या हाताचा नेम नाही ना.

पंचावन्नच्या वरचा हाही, पण याला कोणी विचारलं नाही!

तो मारत राहिला. त्याला नीट मारता येत नाही, पण प्लेटला लागायला पुरे. मधूनच पुठ्ठ्यावर टक्क आवाज यायचा. पहिल्या वेळी तो दचकला. मग दचकायचा थांबला आणि नुसता ऐकत राहिला.

संपल्यावर पुठ्ठा उलटा केला. प्लेटच्या बाजूने ठोके. एका ठिकाणी पुठ्ठा फाटून छर्रा आत अडकलेला. व्हि.ने त्या भोकावर बोट ठेवलं.

मी म्हटलं, "आता लहान पोराचं तोंड कुठे येईल बघ."

बोट काढलं नाही. येताना गाडी मी चालवली.

रवि., ८ मार्च

फोन. व्हि.ने तोड काढलीय. दोन लोखंडी अँगल टेकूला कापून घेतो, फन-डेच्या आधी गुपचूप जाऊन प्लेट पुढे झुकवतो. प्र.ला सांगायचं छर्रे वाळूत नीट पडावेत म्हणून केलं. पोरं वाचली, नोकरी वाचली.

"आणि मी?"

तो अँगलची मापं सांगायला लागला.

"व्हिन्सेंट, मी हमीदभाईंचा डोळा फोडायला निघाले होते असं सगळ्या मस्कतला वाटतंय. तुझी प्लेट तिरकी होईल, आणि मी मात्र तिथे वाकडीची वाकडीच राहणार."

"तुला तुझं नाव पाहिजे की माझी नोकरी?"

चला, सुटलं एकदाचं तोंडातून.

"मला दोन्ही पाहिजे," मी म्हटलं. "आणि दोन्ही माझीच होती, तू आणि प्रधानने नट घट्ट करेपर्यंत."

फोन त्याने ठेवला. मी नाही. (नवीन फोन आहे.)

मंगळ., १० मार्च

शाळेत सिस्टर सांगायच्या, वाक्य सुरू केलंस तर पूर्ण कर. कमिटीची मीटिंग गुरुवारी पाचला. ठरवलं, जाणार. पुठ्ठा घेऊन. पोरांच्या आईबापांना कळलंच पाहिजे. प्लेट कोणी केली, लोखंड कुठून आलं असं विचारलं तर

इथे थांबले. सिस्टर, माफ करा.

भंगाराचं लोखंड. एवढ्या वर्षांच्या नोकरीवर एक भंगाराचं लोखंड. आणि तो परत गेला तर वसईत काय करणार? वाडीत बसून माशा मारणार आणि मला रोज दिसणार. मला राग त्याचा येतो आणि रडूही त्याच्यासाठीच येतं, हे कुठल्या जातीचं संकट आहे?

गुरु., १२ मार्च. क्लबच्या पार्किंगमध्ये, गुडघ्यावर वही

व्हि. आज जेवायच्या आधीच आला. पिकअपच्या मागे दोन अँगल, ड्रिल मशीन, सगळं सज्ज. म्हटलं, झालं, गुपचूप काम. पुठ्ठा मी आधीच गाडीत ठेवला होता.

क्लबपाशी आलो. मी दार उघडलं तर म्हणाला, "तू बस."

"मी का बसू? मीटिंगला मी जाणार आहे."

"अ‍ॅगी, तू आलीस की मी तुझ्या मागे लपतो. लग्नापासून लपतोय. बस."

पुठ्ठा काखेत मारला आणि गेला. अँगल मागेच राहिले. ते मुद्दाम ठेवून गेला, की विसरला, देव जाणे.

कमिटी रूमची काच इथून दिसते. हमीदभाई कोपऱ्यात बसलेत, ते कमिटीवर नाहीत, तरी आलेत. गालावरचा डाग इथूनही दिसतो. प्र. उभ्याने काहीतरी समजावतोय, हातात फन-डेचा रंगीत कागद.

काच बंद, ए.सी. चालू. एक अक्षर ऐकू येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस माझ्याशिवाय बोलायला गेलाय आणि मला ऐकू येत नाही! संताप.

आत जावं का? पाय दोनदा गाडीच्या दाराबाहेर आणि दोनदा परत आत.

व्हि. उठला. पुठ्ठा टेबलावर आडवा ठेवला. सगळे वाकून बघतायत. प्र. बघत नाही, छताकडे बघतोय.

आता व्हि.ने उजवा तळवा उभा धरलाय, सरळ. डाव्या हाताचं बोट त्याच्यावर आपटून मागे, स्वतःच्या डोळ्याशी नेलं. मग तळवा पुढे झुकवला. प्लेट कशी हवी ते सांगतोय.

कोणी केली, लोखंड कुठून आणलं, ते सांगितलं की नाही, हे हातांवरून कळत नाही.

प्र.ने तोंड उघडलंय. व्हि.चा हात अजून खाली आलेला नाही.