न छाटलेलं गौरीफळ

मुरगूड,
२४ मार्च २०२५

चि. सौ. शेवंता हिस,

आक्काचे आशीर्वाद. तुमच्याकडची खुशाली कळव. आम्ही बरे आहोत. दाजींचं तुला फोनवर सांगते तसंच चाललंय.

हातात फोन असताना आक्का पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. ते पुढे येईलच. आधी बातमी सांगते. तू मुळासकट काढून दिलेल्या झुडपाला यंदा फळं लागली. लागली म्हणजे घोसच्या घोस. आधी हिरवी, मग तांबडी, मग काळीभोर.

शेजारणी गेली सहा वर्षं त्याला करवंदच म्हणत होत्या. मी पान मोडून दाखवायचे, बघा, चीक येत नाही. पान उलटं करून दाखवायचे, खालून पीठ चोळल्यासारखं पांढरं. हे गौरीफळ आहे, आमच्या माहेरचं, बावड्याकडचं. पण फळच नाही म्हटल्यावर कोण ऐकतं? शेवटी मलाही वाटायला लागलं, शेवंताने घाईत भलतंच काहीतरी उपटून दिलं. मनातल्या मनात तुला बोललेसुद्धा. तेवढं पोटात घाल.

फळ का धरत नव्हतं, ते आता कळलं. दाजींनी जन्मभर ऊस केला. ऊस कारखान्याला गेला की बुडखा जमिनीबरोबर छाटायचा, म्हणजे फुटवा जोरात येतो आणि त्याच बुडख्यावरचं पुढचं पीक, खोडवा, चांगलं येतं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. दर वर्षी तोडणी आटोपली की त्याच कोयत्याने माझं झुडूपही साफ करायचे. वर दोन पाट्या शेणखत घालायचे. "तुझ्या म्हायेरचा काटा लई माजलाय, पर ह्या सालाला फळ धरतंय बघ," म्हणायचे. आणि झुडूप फुटायचंही असं की बघत राहावं.

आईच्या कुंपणावरचं गौरीफळ कुणी कधी छाटलं होतं का गं? फळ देऊन वाळलेल्या काठ्या तेवढ्या आपण चुलीला ओढायचो. नवी काठी एक वर्ष नुसती वाढते आणि दुसऱ्या वर्षी फळते, हे आपण परकरात असल्यापासून बघितलेलं. मला आठवायला हवं होतं. नवरा एवढ्या मायेने करतोय, त्यात आपण कशाला नाक खुपसा, म्हणून मी कौतुकाने बघत बसले.

यंदा छाटायला कोण होतं?

दिवाळीनंतर तू येऊन गेलीस तेव्हा अर्धांगाने त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेलेली होती. संक्रांतीनंतर बोटं हलायला लागली. रबरी चेंडू दाबायचे, घामाघूम व्हायचे, पण सोडायचे नाहीत. फोनवर मी तुला अजून तेच सांगते. ते खरं नाही, शेवंता. महिना होत आला, चेंडू खाटेखाली पडून आहे.

त्या दिवशी सूनबाई, आपली स्वप्नाली, ओंजळभर फळं घेऊन सोप्यात आली. "मामा, बघा तरी, यंदा कोयता लागला न्हाय म्हणून कसं लगडलंय." पोर भाबडी आहे, खरं तेच बोलली. त्यांनी फळांकडे बघितलं, मग आपल्या उजव्या हाताकडे. मी एक फळ तोंडाशी धरलं, तर ओठ मिटून घेतले आणि भिंतीकडे वळले. तेव्हापासून व्यायामाच्या बाई आल्या की डोळे मिटतात. हात गेला ते त्यांनी सोसलं होतं. त्याच हाताने बायकोची हौस दर वर्षी मारली, हे सोसवेना.

वाचा गेली तरी कान तिखट आहेत. फोनवरचं सगळं त्यांना ऐकू जातं. गोठ्यात फोनला रेंज नाही, म्हणून तिथे बसून हे लिहिते आहे.

आता माझं मागणं. रविवारी ये. त्यांच्या खाटेजवळ बसून मोठ्याने म्हण, "दाजी, आमच्याकडं ह्ये झाड आठ-धा वर्सं फळाचं नाव काढत न्हाय. तुमच्या खतानं लवकर धरलं की." खोटं आहे, मला कळतं. पण झाड तू दिलेलं, तुझा शब्द त्यांना पटेल. माझं खोटं त्यांनी आजवर एकदाही खपवून घेतलेलं नाही.

फळ आईच्या कुंपणावरच्यासारखंच आहे, गोड आणि मागून जरा आंबट. मी एकच खाल्लं. बाकीची पाखरं खातात.

पुढच्या हंगामात हा माणूस काठी टेकत उठू दे आणि कोयता मागू दे. मी स्वतः धार लावून हातात देईन, आणि सगळं झुडूप जमिनीबरोबर छाटू देईन. मग फळ येणार नाही. नाहीच येऊ दे.

खोटं नीट पाठ करून येणाऱ्या बहिणीची वाट बघणारी,
तुझी आक्का