पहिल्या हाकेला ओ

२ फेब्रुवारी
गुंजीत आले. स्टेशनजवळ खोली मिळाली. खिडकीला चांगला उजेड आहे, मागे पडवी, अंगण. उद्यापासून शाळेत मुलांचा भात-सांबार करायचा, दुपारनंतरचा वेळ माझा. घरमालकीण अक्काताई माझी दहावीची पुस्तकं बघून हसली. म्हणाली, ह्या वयात धावी? नातवंडास्नी घिऊन बसणार व्हय गं सुलाबाई? मीही हसले. सहा वर्षांपूर्वी ह्यांच्या मरणाच्या कागदावर मी अंगठा उठवला. काय लिहिलंय ते वाचता आलं नाही. तेव्हापासून एकटीनं अक्षरं गिरवली. चोवीस मार्चला खानापुरात पहिला पेपर आहे. तो लिहायचा, एवढंच.

११ फेब्रुवारी
दुपारी तीनला गणितात डोकं घालून बसले होते. अंगणातून हाक आली, सुले. मान वर न करता म्हटलं, व्हय, आले. अठरा वर्षांच्या संसाराची सवय. मग अंगावर काटा आला. मला सुले म्हणणारा माणूस एकच होता.
अंगणात कोणी नव्हतं.

१२ फेब्रुवारी
अक्काताईला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. पहिल्या हाकेला ओ द्यायची न्हाय बाई, तिसरी आली तरच ती माणसाची, म्हणाली. तुज्या आईनं शिकवलं न्हाय? शिकवलं होतं. पण इतकी वर्षं कोणी हाकच मारली नाही, लक्षात कशी राहणार?

२० फेब्रुवारी
रोज तीन वाजता. दोनच हाका. परवा हे अंगणात होते, आज पडवीत. मी ओ देत नाही, मोठ्यानं धडा वाचते. ते हसतात. शिकून काय कलेक्टर हुणार व्हय गं, म्हणतात. ह्यांनी हे गाव कधी पाहिलेलंही नाही.

५ मार्च
आता खोलीत. माझ्या मागे बसतात. चा टाक की गं सुले. मानेवर गार श्वास. नजर उचलली नाही. निबंध पुरा केला. अक्षर वाकडं आलं.

१४ मार्च
अक्काताई म्हणते, खोली सोड, माझ्याकडं ये. तिच्याकडे टीव्ही चालतो, अभ्यास होणार नाही, असं सांगितलं. खरं कारण— इथंही लिहवत नाही.

२१ मार्च
हाक नाही. कालही नव्हती. धडे सगळे झाले. तीन वाजले की कान आपोआप—
घर केवढं गप्प.

२४ मार्च, सकाळ
हॉलतिकीट, दोन पेनं, भाकरी. सगळं पिशवीत. निघताना वाटलं, जाते म्हणून सांगावं. तेवढंच. अहो, म्हटलं. एकदाच.
लगेच ओ आली. कानाशी. तशीच खाली बसले, वही उघडली.
नाक्यावर बस हॉर्न देते आहे. मागे बघायचं नाही. चार पावलं फक्त— म्हणतात, तूच बोलवलंस, आणि आता निघालीस व्हय गं?
उठते आहे. उठते. पिशवीचा दुसरा बंद कुणीतरी—