दुर्गामावशी आणि स्टेजची लिफ्ट

१२ जुलै २०२१, सोमवार

नंदूच्या घरच्या कुकरने आज माझं स्वगत खाल्लं! तिसऱ्या अंकातलं, दुर्गामावशी तिन्ही जावयांना घराबाहेर काढते ते. ऐन भरात आले आणि शिट्टी. पुन्हा सुरुवात — पुन्हा शिट्टी. दिग्दर्शकाने स्वतःला म्यूट करायचं नाही असा नियम आहे का? 'सॉरी गं, राजमा आहे,' म्हणे.

तरी मजा आली. इथे खोटं कशाला लिहू? एकावन्नाव्या वर्षी मुख्य भूमिका मिळालीय, आणि ती केवळ या लॉकडाऊनच्या कृपेने. सिडनीच्या मराठी मंडळाच्या नाटकांना मी कायमची प्रॉम्प्टर. प्रेक्षकांतच, पहिल्या रांगेच्या कडेला व्हीलचेअर लावायची, मांडीवर संहिता घ्यायची आणि वर अडकलेल्यांना खालून शब्द पुरवायचे. झूमवर मात्र सगळेच छातीपर्यंत. खुर्चीत तर सगळेच बसलेले! दुर्गामावशी करणारी बाई मेलबर्नला गेली, नंदू म्हणाला, 'विनीता, तुला तर पाठच आहे, कर की!' — ही विनीता स्टेजवर एन्ट्री कशी घेणार हा प्रश्न त्याच्या डोक्यात आलाच नाही. माझ्याही नाही, म्हणजे आला, पण मी त्याला वेटिंग रूममध्ये ठेवलं.

लॉकडाऊन उठला की प्रयोग प्रत्यक्ष. पॅरामॅटाजवळच्या आपल्या नेहमीच्या थिएटरात. ते सध्या नूतनीकरणासाठी फोडून ठेवलंय, आणि तिथली ॲक्सेस कन्सल्टंट मीच. म्हणजे कुठे उतार हवा, कुठलं दार रुंद हवं, हे लोकांना पटवायचं. त्यांनी मान डोलवायची, मग गुपचूप काढून टाकायचं. मग मी पुन्हा पटवायचं. यावर आमचं घर चालतं. स्टेजवर जायला छोटी लिफ्ट हवी हे मी मार्चमध्येच सांगितलं होतं. तेव्हा मला भूमिका मिळालेली नव्हती. हे लिहून ठेवलेलं बरं.

२१ जुलै

सिडनीतली सगळी बांधकामं बंद. कामगार घरी. मीटिंगा मात्र घरी बसत नाहीत, घरी येतात.

ब्रॉन्विन थिएटरची मॅनेजर. गोड बाई. तिने आज सुरुवातच केली, 'विनीता, वी लव्ह युअर वर्क.' हे ऐकलं की मी ओळखते, काहीतरी कापलंय. स्टेजची लिफ्ट! 'कापली नाही गं, दुसऱ्या टप्प्यात नेली.' दुसरा टप्पा कधी? 'डाउन द ट्रॅक.' म्हणजे पुढे कधीतरी. या देशात ज्या गोष्टी कधीच होणार नसतात त्या सगळ्या याच रस्त्यावर उभ्या असतात.

'पण का?'

'प्रेक्षकांसाठीचं सगळं ठेवलंय ना आपण. स्टेज काय, फक्त कलाकारांसाठी.'

'आणि कलाकारच व्हीलचेअरमध्ये असला तर?'

आर्किटेक्टचं कुत्रं भुंकलं. मग ब्रॉन्विन अगदी मवाळ आवाजात म्हणाली, 'आजवर तसं कुणी स्टेजवर आलेलं नाही.'

पायऱ्या बांधायच्या आणि मग म्हणायचं, वर कुणी आलंच नाही!

'मी येणार आहे ना, आमच्या नाटकात!' — अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. बोलले असते तर कन्सल्टंटबाई स्वतःच्या हौसेसाठी लिफ्ट मागतायत, असं झालं असतं. माझा मार्चमधला रिपोर्टसुद्धा बाद.

२२ जुलै

शिरीष म्हणतो, 'एवढं काय चिडतेस? तुझा नवरा आहे ना उचलायला!' नवऱ्याची पाठ मेपासून धरलीय. मोजे घालायला त्याला मी लागते.

१५ ऑगस्ट

आजची तालीम — काय सांगू! दुसऱ्या अंकात थोरल्या जावयावर आवाज चढवला तो चढवलाच. थोरला जावई म्हणजे अजित, बँकेत रिस्क बघतो, तो खरोखर कॅमेऱ्यापासून मागे सरकला. संजीव, म्हणजे मधला, स्वतःचं वाक्य विसरला. धाकटा जावई स्वतः नंदू. तो म्हणाला, 'बाई, काय सोललंस आम्हाला!'

ईशानी दार उघडून आत. 'मम, आर यू ओके? यू आर लिटरली स्क्रीमिंग.'

'तालीम आहे गं.'

ती दोन मिनिटं दारात उभी राहिली. 'इट्स गुड. इट्स अ बिट स्केअरी.'

युनिव्हर्सिटीत जाणाऱ्या मुलीकडून याहून मोठं काही मिळत नाही. दिवसभर उगाचच आरशात भुवई वर करून बघत होते.

१० सप्टेंबर

गणपती बसले. मंडळाची आरती झूमवर. टूनगॅबीवाले पहिल्या कडव्यात, गिरावीनवाले तिसऱ्यात, आणि कुणाचं तरी बाळ सगळ्यांच्या वर. शेवटी नंदूने जाहीर केलं: नाटक ३० ऑक्टोबर, थिएटर उघडलं तर. प्रसादाचा मोदक हातात तसाच राहिला.

१२ ऑक्टोबर

काल सिडनी उघडली. अख्खं शहर केस कापायला गेलं आणि नंदू थिएटर बघायला. तिथूनच फोन.

'विनीता, एक छोटासा इश्यू आहे.'

'बोल.'

'अगं, स्टेजला पायऱ्या आहेत!'

इतकी वर्षं हा माणूस त्याच पायऱ्यांवरून वर चढून, खाली माझ्याकडे बघत, 'पुढचं वाक्य काय गं?' विचारतोय.

'पण टेन्शन नको. उचलू की! अजित आहे, संजीव आहे, मी आहे. खुर्चीसकट. अंधार करू, लोकांना कळणारसुद्धा नाही.'

'आणि पहिल्या अंकात मी रागाने निघून जाते तेव्हा?'

'परत उचलू.'

'आणि तशीच रागाने परत येते?'

'...हात सॅनिटाइझ करून उचलू ना. मास्क लावून.'

नाही म्हणाले. लग्नात स्टेजवर उचलून ठेवलं, विमानात उचलून ठेवलं, पुण्यात पासपोर्ट काढायला गेले तर शिपायाने उचलून ठेवलं. उचलणारे नेहमी हसतमुख असतात. त्यांना पुण्य मिळतं, आपण आभार मानायचे. आणि ही दुर्गामावशी! जिच्या चाहुलीने जावयांना घाम फुटतो, ती त्याच तीन जावयांच्या हातांवरून, 'जरा डावीकडे, जरा डावीकडे' करत येणार?

१४ ऑक्टोबर

नंदूची नवीन योजना. स्टेजवर मंडळातली मंजिरी उभी राहणार, मी खाली माइकवर बोलणार. 'आवाज तुझा, बॉडी तिची. सगळं सुटतं!'

शिवाय मंडळाच्या कमिटीचा ठराव: थिएटर सर्वांसाठी सुगम केल्याबद्दल मध्यंतरात माझा सत्कार. शाल, श्रीफळ, मानपत्र.

'कुठे?'

'म्हणजे काय? स्टेजवर!' मग त्याचं त्यालाच ऐकू आलं. अगदी अजिजीने, 'सत्कारापुरतं तरी उचलू दे ना गं.'

फोन ठेवला. हसले. खूप हसले. शिरीषला सांगायला गेले तर सांगता सांगता रडायला आलं — रडल्याचा राग वेगळाच. भूमिका गेली तर गेली म्हणावं, तर गेले तीन महिने ती बाई माझ्या अंगात बसलीय. भाजी चिरतानासुद्धा तिचं बोलणं येतं तोंडात.

मंजिरीचा मेसेज: 'मला यात ओढू नका. नुसतं तोंड हलवायला घरी सासूबाईंसमोर बसते मी, स्टेज कशाला हवं!'

१८ ऑक्टोबर

थिएटरची अंतिम पाहणी. जे चांगलं आहे ते चांगलं म्हणायलाच हवं. दारं आपोआप उघडतात. उतार इतका हलका की हात दुखले नाहीत. टॉयलेटमध्ये खुर्ची पूर्ण फिरवता येते — तिथे मी उगाच दोन चकरा मारल्या. कमी ऐकू येणाऱ्यांची सोयही केलीय. ब्रॉन्विन शाळेच्या प्रदर्शनात आपला तक्ता दाखवणाऱ्या मुलीसारखी पुढे पुढे धावत होती.

मग स्टेज. पाच नव्या कोऱ्या पायऱ्या. नजर अधू असणाऱ्यांना दिसाव्यात म्हणून कडेला पिवळ्याजर्द पट्ट्या. सूचना माझीच. त्यामुळे आता त्या मला मागच्या दारातूनही स्पष्ट दिसतात.

पण एक गोष्ट! कलाकार आणि प्रेक्षकांत अंतर हवं म्हणून पुढच्या रांगा दुमडून भिंतीत ढकलल्यात. पायऱ्यांपासून प्रेक्षकांपर्यंत नुसती सपाट लाकडी जमीन. ब्रॉन्विन फोनवर बोलायला बाहेर गेली. मी खुर्ची घेऊन बरोबर मध्यावर गेले, आणि मावशीचं दुसऱ्या अंकातलं वाक्य ठेवून दिलं — 'या घरात आवाज फक्त माझा चढतो!'

शिडीवरचा इलेक्ट्रिशियन गर्रकन वळला. 'ब्लडी हेल, लव्ह!'

मराठीचं एक अक्षर कळत नाही त्याला. घरी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं.

१९ ऑक्टोबर

'खाली? जमिनीवर?' नंदू जवळजवळ किंचाळला. 'नाटक स्टेजवर होतं, विनीता! माझं नेपथ्य स्टेजच्या मापाचं आहे.'

'दोन सोफे आणि एक देव्हारा. खाली उतरव.'

'आणि प्रयोगाआधी नारळ कुठे फोडायचा?'

'पायरीवर फोड. तिचा कुणालातरी उपयोग होऊ दे.'

'लोक काय म्हणतील? बजेट संपलं यांचं?'

'लोक साडेतीन महिने घरात बसलेत नंदू, तू पार्किंगमध्ये नाटक केलंस तरी येतील.'

मग तो आवाज बारीक करून म्हणाला, 'आणि मी नाही म्हटलं तर?'

'तर माझा आवाजही नाही, सत्कारही नाही. दुर्गामावशी घरी बसून मटार सोलेल.'

'हे ब्लॅकमेल आहे.'

'हो.'

२० ऑक्टोबर

नंदूचा फोन नाही. मटार आणले.

२१ ऑक्टोबर

मंजिरीने त्याला सरळ नकार कळवला. अजितने ग्रुपवर लिहिलं की विनीता नसेल तर घाबरायचं कुणाला? दुपारी नंदूचा मेसेज: 'ओके. खाली.'

संध्याकाळी नवं पोस्टर आलं. 'एक अभिनव, प्रायोगिक मांडणी! संकल्पना: नंदू.'

असू दे. असू दे!

३१ ऑक्टोबर

कालचा प्रयोग. मी प्रेक्षकांच्या मागच्या दारातून आले. स्वतःच्या चाकांवर, मधल्या वाटेने, कसलीही घाई न करता. माना वळल्या. कुजबुज. मग ती शांतता — मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी ऐकत आलेली, ती काल माझ्यासाठी होती. तिघे जावई मागे सरकत सरकत पायऱ्यांवर जाऊन बसले, एकमेकांना चिकटून. मास्कच्या आत हसणाऱ्या माणसांचे मास्क फुगतात, हे काल पाहिलं. वाक्य एकही चुकलं नाही, आणि चुकलं असतं तर खाली बसून सांगणारं कुणी नव्हतंच!

ईशानी म्हणाली, 'मम, यू वेअर अ मॉन्स्टर.' आणि मिठी मारून बराच वेळ सोडेना. मागच्या रांगेत ब्रॉन्विन उभी राहून टाळ्या वाजवत होती, मास्क भिजेपर्यंत रडली म्हणे. थिएटरच्या बोर्डाचे दोघेजणही आले होते.

सत्कार घेतला. तोही खालीच. शाल टोचते.

५ नोव्हेंबर

पाडवा. ब्रॉन्विनचा फोन. बोर्डाची काल बैठक झाली, सगळे अजून भारावलेले आहेत. 'तू स्वतःच दाखवून दिलंस विनीता, लिफ्ट नसली तरी इथे कुणाचं काही अडत नाही!' म्हणून दुसऱ्या टप्प्यातूनही ती काढून टाकली. ठरावात माझं नाव आहे. पुरावा म्हणून.