सोंड कुणाच्या डावीकडे

बिबवेवाडी, पुणे
बुधवार

ती. स्व. दादा यांस,

धाकटी बहीण विजयमाला हिचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण खाली वाकले की गुडघा परत वर येऊ देत नाही, तेव्हा उभ्यानेच घातला असं समजावं. आपली प्रकृती कशी आहे? ब्लडप्रेशर वाढलं असेल तर ते कुणामुळे वाढलं हे आपण अख्ख्या फलटणला सांगितलेलंच आहे, म्हणून मुद्दाम विचारत नाही. वहिनींची कंबर बरी असावी. पत्रात मोठ्या भावाला 'आपण' म्हणावं असं शाळेत शिकवलं होतं आणि सातवीपर्यंत जेवढं शिकवलं तेवढं मी पाळते, पण इथवर येऊन माझा दम संपला. पुढे तू.

तर दादा, तू माझा नंबर ब्लॉक केलास. ह्यांचा केलास, ऋचाचाही केलास. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. फोन आपटायच्या आधी तू शेवटचं बोललास ते असं, की यंदा गौरीला माझ्या दारात येऊ नकोस. ठीक आहे. आमच्या सासरी गौरी बसत नाहीत, आई गेली तरी मी दरवर्षी तुझ्याकडे येते ती सवयीने, काही अडून बसलंय म्हणून नाही. पुण्यात गौरी काय कमी आहेत? समोरच्या बिल्डिंगमध्येच घरोघरी आहेत, कुठेही जाऊन हळदीकुंकू घेऊन येईन. तेव्हा हे पत्र बोलावणं मागायला लिहिलेलं नाही, हे आधीच सांगते. नक्की काय झालं ते तू ऐकून घेतलं नाहीस, तेवढंच लिहिते. चष्मा लावून वाच, नाहीतर अर्धंच वाचून परत चिडशील.

ऋचाची नोकरी खराडीच्या ऑफिसात आहे हे तुला माहीत आहे. काम काय, तर कपडे करायचे. कापड नाही, कात्री नाही, सुईदोरा नाही. कंप्युटरमध्ये एक माणूस उभा असतो, डोक्याला केस नाहीत, अंगावर नुसती चड्डी, आणि हात दोन्हीकडे पसरलेले, पोलिसांनी झडतीला उभा केल्यासारखा. (मी त्याला टकलू म्हणते. ऋचा काहीतरी दुसरं म्हणते.) त्याला कपडे घालायचे, कपड्यांवर चित्रं चिकटवायची, ती सरकवायची, लहानमोठी करायची आणि साहेबाला दाखवायचं. साहेब म्हणतो फूल जरा खाली घ्या, की फूल खाली. ह्याला पगार देतात. तुझ्या मंडळाचे टी-शर्ट ती हौसेने करणार होती, मामाचं काम म्हणून, आणि नेमकी मार्केटयार्डाजवळ गाडीवरून पडली. उजवा हात प्लॅस्टरमध्ये. डाव्या हाताने माऊस धरला तर बाप्पा थेट टकलूच्या गुडघ्यावर जाऊन बसले. इकडे तुझा रोज फोन, झालं का, झालं का. (हात कसा आहे, असा एकही फोन नाही. लिहून ठेवते.) शेवटी ती म्हणाली, आई, माऊस तू धर, मी शेजारी बसून सांगते. मी डब्याच्या पोळ्या उरकल्या, हात धुतले आणि बसले.

चित्र दोन तऱ्हेने टाकता येतं. एक म्हणजे कापड म्हणून, आणि एक म्हणजे वरून चिकटवायचं म्हणून. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कापड म्हणून टाकलं, तर छापील साडीवर कोयऱ्या असतात तसे टकलूच्या अंगभर गणपती. छातीवर, पाठीवर, बाह्यांवर, काखेत पण. मी माऊस सोडून हात जोडले. ऋचा म्हणाली, आई, नमस्कार नंतर, आधी ते काढ. काढलं. मग चिकटवायचं म्हणून टाकलं. आता त्यात अशी गंमत आहे, की एका बाजूला टकलू उभा आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या शर्टाचे तुकडे पसरलेले, पुढचा वेगळा, पाठीचा वेगळा, बाह्या वेगळ्या. तुकड्यावर चित्र ठेवलं की इकडे त्याच्या अंगावर उमटतं. मी ठेवलं ते पार कडेला गेलं, आणि तुकडा जिथे संपतो तिथे बाप्पांचा एक कानच कापला गेला. कोपऱ्याला धरून ओढलं की चित्र वाढतं, मधे धरून ओढलं की सरकतं, आणि वर एक टिकली असते ती धरली की फिरतं. मी टिकली धरली. बाप्पा आडवे झाले, जेवण करून लवंडल्यासारखे. ऋचा सारखी हळू, आई, हळू. मग कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि अख्खा शर्ट घसरून टकलूच्या पायाशी पडला, कारण तुकडे एकमेकांना जोडायचे राहिले होते म्हणे. तेवढ्यात आमचे हे चहा मागायला आत आले, त्यांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि 'चालू दे' म्हणून चहा न मागताच परत गेले.

आणि बाह्यांचं तर विचारूच नकोस. ऋचा म्हणाली डावी बाही धर, मंडळाचं बोधचिन्ह तिथे टाकायचंय. मी माझ्या डाव्या हाताकडची धरली, तर ती उजवी निघाली. म्हणे, आई, तो आपल्याकडे तोंड करून उभा आहे, त्याची डावी बघायची. बरं बाई. टकलूचं डावं ते टकलूचं, शर्ट त्याने घातलाय तेव्हा हक्क त्याचा, एवढं मला पटलं. असं करत करत शेवटी सगळं जागच्या जागी बसलं. छातीवर बाप्पा, खाली 'श्री बालवीर मित्र मंडळ, फलटण', बाहीवर बोधचिन्ह. ऋचाने नीट बघितलं, म्हणाली आई, मस्त झालंय, आता हात लावू नकोस, आणि ऑफिसचा फोन आला म्हणून आतल्या खोलीत गेली.

आता इथून पुढे तू आलास. तिच्या फोनवर नाही, माझ्या फोनवर, तुझ्या आवाजात भरून पाठवलेला निरोप, मागे मंडपाचे बांबू ठोकल्याचा दणदणाट. तू काय बोललास ते माझ्याकडे अजून आहे, हवं तर पुण्याला येऊन ऐक. तू म्हणालास, 'माले, सोंड डावीकडे असू दे बरं का. उजवी चुकूनसुद्धा नको. उजव्या सोंडेचं सोवळं आपल्या पोरांना झेपायचं नाही.' मी पडद्याकडे बघितलं. माझ्या हातात बांगड्या ज्या बाजूला जास्त आहेत तो माझा उजवा हात, त्याच बाजूला सोंड वळलेली. माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं पोरीचं लक्ष नाही, दुखतंय बिचारीला, आणि उद्या फलटणच्या चौकात मामाची लाज जाणार. एक बटण असतं, त्यावर दोन बाण एकमेकांकडे पाठ करून बसलेले, आमच्या सोसायटीतल्या सासूसुनांसारखे. ते दाबलं की चित्र आरशात बघितल्यासारखं उलटं होतं. दाबलं. सोंड माझ्या डावीकडे आली. मोदक या हातातून त्या हातात गेला, त्याने बाप्पांना काय फरक पडतो? खालची अक्षरंसुद्धा उलटी झाली, फलटण असं दिसायला लागलं की वाचायला उर्दू यावं लागेल, तर मी ती तेवढी वेगळी धरून परत सरळ केली. म्हणजे किती बारीक लक्ष होतं माझं, बघ! ऋचा आली, तिने अक्षरं वाचली, सरळ होती. म्हणाली, पाठव. मी पाठवलं. बुधवार पेठेत मेहबूबभाईंकडे छापायला गेलं. ते म्हणाले ताई, मंडळांची कामं आम्ही इतकी वर्षं करतोय, की आता डोळे मिटून होतात. तशीच झाली.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. योगेशने गठ्ठा चौकात सोडला (तुझ्या मंडळाला सेक्रेटरी म्हणून दुसरं कुणी मिळालं नाही का?), सगळ्यांनी बघितलं, आणि उजव्या सोंडेचा गणपती छातीवर घेऊन मिरवायचं म्हटल्यावर म्हाताऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. पोरं म्हणाली अध्यक्ष बदला. तू फोनवर ओरडलास, 'देवाच्या डावीकडे गं, देवाच्या!' अरे मग तसं आधी नाही का बोलायचं? डॉक्टर विचारतो कुठला हात, आपण आपला सांगतो. कंडक्टर म्हणतो डावीकडे सरका, आपण आपल्या डावीकडे सरकतो. तू सोंड डावीकडे म्हणालास, मी माझी डावी घेतली. टकलूच्या बाबतीत ऋचाने समजावून सांगितलं होतं, देवाच्या बाबतीत तू सांगायला हवं होतंस, मोठा भाऊ आहेस. पण नाही. चिडलास, आणि सगळ्यांच्या आधी घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलास. तिथे इंग्रजीत उमटलं, 'रंगनाथ लेफ्ट'. आमच्या ह्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, बघ माले, निदान तुझा भाऊ तरी डावीकडे गेला. मी हसले नाही. (नंतर हसले.)

आता फलटणहून जे कळलं ते लिहिते. वहिनींनी मला फोन केलेला नाही, त्यांच्यावर उगाच चिडू नकोस. मला आपलं कळलं. ते शर्ट फेकता येत नाहीत, देवाचं चित्र आहे. फरशी पुसायला घेता येत नाहीत. म्हणून पोरं वर्गणीला जाताना तेच घालतायत, आणि घातले की सोवळ्याच्या भीतीने गुटखा नाही, संध्याकाळची बाटली नाही, ढाब्यावरचं मटण नाही. योगेशला तोंडातलं थुंकायचं असलं की आधी घरी जाऊन शर्ट बदलावा लागतो, आणि त्याचं घर लांब आहे. गल्लीतल्या बायका म्हणतायत, विसर्जनापर्यंत असंच राहू दे. म्हणजे तुझ्या मंडळात आजवर एवढी वर्षं तू भाषणं करून जे झालं नाही, ते एका बटणाने झालं. पण ह्याचं कौतुक कुणी करत नाही, आणि मला नकोही आहे.

मी माफी वगैरे मागत नाही. कंप्युटरला परत हात लावणार नाही, एवढं मात्र नक्की. ऋचावर राग धरू नकोस, तिचा हात दुखतो आणि मामा बोलत नाही म्हणून जास्त दुखतो. गौरीचं मला काही नाही. तुझ्या घरात मी नसले तर फुलोऱ्याच्या करंज्या फुटतील, त्या फुटू देत.

वडिलकीच्या नात्याने चार शब्द जास्त झाले असतील तर तू ते माझ्या धाकटेपणावर ढकल,

तुझीच,
माला

ता. क. नवे टी-शर्ट छापून झालेत. सोंड देवाच्या डावीकडे आहे. ह्या वेळी मी टकलूच्या जागी स्वतः उभी राहिले, ऋचाला समोर बसवलं, नाकाशी हात सोंडेसारखा धरून माझ्या डावीकडे वळवला, आणि मगच बटण दाबलं. (हो, मीच दाबलं. तिचं प्लॅस्टर अजून आहे.)

ता. क. पाठीवर तुझं नाव टाकलंय. 'अध्यक्ष : रंगनाथ', एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत. ऋचा म्हणाली, आई, फार मोठं होतंय, मंडळाच्या नावापेक्षा मोठं. मी म्हटलं होऊ दे. आता बदला म्हणावं अध्यक्ष.

ता. क. जुने शर्ट परत पाठवायचे नाहीत, ते वहिनींना हवेत. पोरांना वाटून उरलेला गठ्ठा तुझ्या बैठकीच्या खोलीत ठेवल्यापासून तू घरात तंबाखू मळलेली नाहीस म्हणे. हे मला कुणी सांगितलं नाही.

ता. क. नवा गठ्ठा कुरिअरने पाठवणार नाही, ते लोक फेकाफेकी करतात. गौरी आणायच्या दिवशी सकाळच्या एसटीने मी स्वतः घेऊन येतेय. गठ्ठा देऊन लगेच परत फिरेन. नाहीच फिरता आलं तर बघू, एक जादा साडी घेतलीय. माझ्या गुडघ्याने तो गठ्ठा एसटीतून खाली उतरायचा नाही, तेव्हा स्टँडवर कुणीतरी यायला पाहिजे. योगेशला पाठवू नकोस. पोरांपैकी कुणालाच नको.