गोडलिंबावरची अळी

१८ ऑगस्ट, सोमवार

प्रणोती आज स्वतःहून खोलीबाहेर आली! पुण्याचं शिक्षण अर्धवट टाकून जबलपूरला घरी आल्यापासून पोरगी पलंग सोडत नव्हती. वर्षभर प्रयोगशाळेत पाळलेल्या अळ्या तिच्या डोळ्यांदेखत मेल्या, आणि कशाने मेल्या ते कुणालाच सांगता आलं नाही. तेव्हापासून धड जेवण नाही, बोलणं नाही.

आज दारातल्या गोडलिंबाच्या कुंडीपाशी उकिडवी बसली होती. झाडावर करंगळीएवढी हिरवी अळी. अर्धी पानं फस्त केलीत मेलीने, वरणाच्या फोडणीला एक शिल्लक नाही. खा बाई, सगळं झाड खा.

२० ऑगस्ट

अळी खात नाही. डोकं लटकतंय, मध्येच अंग झटकते, हिरवं पाणी टाकते. प्रणोतीचा चेहरा परत तसाच. "आई, ये भी मरेगी."

मी म्हटलं, कशाने गं होत असेल असं? आणि बोलायला लागली की! शेजारच्या भय्यासाहेबांनी गुलाबावर मारलेलं औषध उडून आलं असेल. नाहीतर पोटाचा रोग. नाहीतर गांधीलमाशीने अळीच्या अंगात अंडं घातलं असेल, त्यातलं पिल्लू आतून कोरून राहिलं असेल. "या कुछ नहीं. कोष करायच्या आधी पण असंच करतात." सगळी मरणाची बोलणी, आणि मला ऐकताना केवढा आनंद.

भय्यासाहेबांशी भांडून आले. त्यांनी औषध मारलंच नव्हतं. वर चहा पाजला.

२२ ऑगस्ट, पोळा

अळी कुंडीतून गायब. दिवसभर शोधाशोध. संध्याकाळी दिसली — सासूबाईंनी पोळ्यासाठी दाराशी लावलेल्या पळसाच्या फांदीवर, स्वतःला धाग्याने बांधून. "मरत नव्हती, आई. कोष करून राहिली."

अर्धी पुरणपोळी खाल्ली पोरीने.

२३ ऑगस्ट

उठून बघते तर दार मोकळं, पळसाची फांदी नाही! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई, डास, ढेकूण सगळं त्या फांद्यांबरोबर घराबाहेर घालवायचं, ही आमची नागपूरकडची मारबतीची रीत. सासूबाईंचा जन्म जबलपुरात गेला, रीत नाही सुटली. "घेऊन जा गे मारबत म्हटलं न् नाल्याकाठी टाकून आली. काहून, काय झालं?" कोषाचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

प्रणोती गाऊनवरच धावली. पुण्याहून आल्यापासून पहिल्यांदा फाटकाबाहेर. मला मागे जायचं होतं, गेले नाही. फाटक धरून उभी राहिले. चिखलाने माखून परतली, हातात तीच फांदी.

"घालवलेली पीडा वापस आणली पोरीने," सासूबाई म्हणाल्या. पण फांदी ठेवायला तांब्या त्यांनीच दिला.

१ सप्टेंबर

महालक्ष्म्यांचं जेवण. प्रणोतीने पानं वाढली. फांदीवरचा कोष काळपट पडलाय, तिने भोवती जाळी बांधलीय. मी महालक्ष्म्यांना एवढंच मागितलं — फुलपाखरू उडू दे.

५ सप्टेंबर

फुलपाखरू नाही. कोषाला भोक, जाळीत एक बारीक गांधीलमाशी. मला रडूच फुटलं. पोरीला कसं सांगू?

ती मागेच उभी होती. जाळीला नाक लावून बघत राहिली. "मी बोलले होते ना, आई. पुण्यात आम्ही पोटाचा रोगच शोधत बसलो, गांधीलमाशीकडे कुणी पाहिलंच नाही."

मग म्हणाली, माळ्यावरची बॅग काढून दे.