दोन डावे पंख

६ एप्रिल १९४६, शनिवार. धरणगाव

ठरलं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत विमान पुरं करायचं. सांगाडा ह्यांनी अंगणातल्या शेडमध्ये करून ठेवला आहे. जुन्या मोटारीचं इंजिनही बसवलं आहे. राहिले फक्त पंख. ‘फक्त’ लिहिताना हात अडखळला नाही, यावरून मन किती खंबीर आहे ते कळतं.

ह्यांना जाऊन माघात वर्ष झालं. श्राद्ध झालं, जेवणं झाली. मी रडत बसणारी बाई नाही. हे कापसाच्या जिनात फिटर होते. अर्धं काम टाकलेलं त्यांना खपायचं नाही. म्हणून मी करते. बाकी काही नाही.

९ एप्रिल

मासिकातला विमानविद्येचा लेख पुन्हा वाचला. पंखाचं लाकूड कोरडं हवं, कापड ताठ हवं, सांधे पक्के हवेत. स्पार म्हणजे पंखाचा कणा. सगळा भार त्याच्यावर. अवघड काही नाही. बाजारात मडकं वाजवून घेतो तसंच. माझं मडकं आजवर गळलेलं नाही.

लढाई संपल्यापासून जुनी विमानं मोडीत निघताहेत. धुळ्याला रुपचंदशेठनी पंख आणले आहेत असं जिनातली माणसं सांगतात. शुक्रवारी जायचं. बरोबर वना सुतार. धाकटे दीर लोटनभाऊ म्हणाले, “वहिनी, लोकं काय म्हनतीन?” म्हटलं, लोकांनी काही म्हणायचं राहिलंय कुठे?

१२ एप्रिल. धुळ्याहून परत

घेतले. पाटल्या मोडल्या. तशाही आता घालायच्या नव्हत्या.

मी पंख बोटांनी वाजवायला लागले तर शेठ हसले. म्हणाले, “बाई, माठ घ्यायला आल्या का?” मी सांगितलं, कच्चा निघाला तर परत आणीन. ते म्हणाले, “हे विलायती शे. विलायती परत जात नाही.” वनानेही वाजवून पाहिलं, “बेस शे” म्हणाला, आणि मग उरलेल्या फळ्यांची कपाटं होतील का ते विचारत बसला. त्याच्या मताला मी किंमत दिली नाही. फक्त ते माझ्या मतासारखं होतं म्हणून धरलं.

आवाज खणखणीत. कापडाला ताज्या रंगाचा वास. म्हणजे माल जपलेला आहे. हे असते तर म्हणाले असते, झुंबर, तुझी पारख भारी.

वाटेत मोटारीत पारोळ्यापर्यंत एकदाही डोळे भरले नाहीत. पुढे धूळ फार होती.

१८ एप्रिल

पंख आले. शेडमध्ये मावेनात, टोकं बाहेर. लोटनभाऊंनी फेरी मारून पाहिलं. “वहिनी, हाई पंख शे का पलंग?”

दुपारी वनाने एक पंख डाव्या बाजूला धरला. फिटिंगची भोकं जुळली. दुसरा उजवीकडे धरला. जुळेनात. पुन्हा पहिला धरला, पुन्हा दुसरा. दोन्ही डावेच.

लेखात याबद्दल काही दिलेलं नाही. दोष लेखाचा.

२१ एप्रिल

तोडगा सापडला. एक पंख उलटा लावायचा, म्हणजे तो उजवा होतो. वना म्हणतो, असं केलं तर विमान वर जायच्या ऐवजी जमिनीत घुसेल. वनाने आजवर विमान पाहिलं ते खालून, शेतातून मान वर करून. तो काय सांगणार.

मागच्या सीटची गादी शिवली. घरचाच कापूस भरला. विमानाला दोन सीट आहेत. सांगाडा करतानाच ह्यांनी सांगितलं होतं, मागची तुझी. बसून पाहिलं. बरं वाटलं. समोर पुढच्या सीटची पाठ दिसते, दुसरं काही दिसत नाही.

२६ एप्रिल

लोटनभाऊ पुन्हा आले. भाव नाही म्हणून कापूस अंगणातच पडलेला. “पाऊस उना म्हनजे बठ्ठा कापूस कोठे ठेवू मी? तुमना इमानवर?” भाऊ वाईट नाहीत. रिकाम्या शेडकडे बघून त्यांना राहवत नाही, एवढंच. पण शेड रिकामी नाही.

दुसरा विषय घागरीचा. वर्ष सरलं, तेव्हा यंदाच्या आखाजीला पितरांबरोबर ह्यांचीही घागर भरायची. कुंभाराला सांगू का, विचारत होते. म्हटलं, घाई काय आहे. आधी पंख लागू देत. घागर भरली की माणूस पितरांत गेला. काम अर्धं असताना कसा जाईल?

भाऊ उठून चपला घालून निघाले. पटलं असावं.

३० एप्रिल

आखाजीसाठी नणंद माहेरी आल्या, भिकुबाई अक्का, लेकींसह. आल्या आल्या लेकी आखाजीच्या झोक्यासाठी अडून बसल्या. निंबाची आडवी फांदी नाही. विमान बाहेर काढायला अडचण नको म्हणून ह्यांनीच ती तोडली होती. अंगणातले दोन निंब नुसते उभे.

अक्कांना शेड दाखवली. त्यांनी गादीवर हात फिरवला. म्हणाल्या, “मागे तू. मग पुढे कोन शे?”

म्हटलं, ते नंतर बघू. उत्तर दिलं, म्हणजे प्रश्न मिटला.

२ मे

आज डोकं छान चाललं. उलटा लावायच्या पंखाचं कापड तसंही काढावंच लागणार होतं. ते फाडून आतला स्पार बाहेर काढला. दोन निंबांच्या बेचक्यांत आडवा टाकला. पोरींना झोका झाला आणि मला टेस्ट. चार बायकांचं वजन पेललं तर माझं काय? पारख सिद्ध होईल. उद्या झोका बांधायचा.

३ मे

आधी लेकी बसल्या. काही झालं नाही. मी सगळ्यांकडे बघितलं.

मग अक्का. “तुना इमानमा मी काय बसनार नई, पन झोक्यावर बसस,” म्हणाल्या आणि गाणं धरून उंच झोका घेतला. गाणं अर्ध्यावर असताना स्पार मधल्या सांध्यातून सुटला. मोडलासुद्धा नाही. नुसता उघडला.

अक्का मातीत बसलेल्या. अंगावर पांढरी भुकटी. चिमटीत घेऊन म्हणाल्या, “माय वं! हाई तं पीठ शे!” ते पीठ नव्हतं. लाकूड जोडायचा सरस कुजून भुगा झालेला. लाकूड चांगलं होतं, म्हणून आवाज चांगला आला. सांधे आत, कापडाखाली. मडक्याला सांधा नसतो, हे मला सुचायला हवं होतं.

लेकी हसल्या. अक्काही हसल्या. मीही हसायला लागले, आणि मग मला थांबता येईना. अक्कांनी पदराने तोंड पुसलं. माझं. त्यांचं तसंच, भुकटी लागलेलं.

शेडमध्ये जाऊन दुसऱ्या पंखाच्या कापडाला भोक पाडून बोट घातलं. तीच भुकटी. पुढच्या सीटची पाठ तेवढी पक्की आहे. ती ह्यांच्या हातची.

४ मे, शनिवार. आखाजी

सकाळीच कुंभाराकडे गेले. म्हटलं, यंदा एक घागर जास्त दे. वाजवून घेतली नाही.

उंबऱ्याशी लोटनभाऊ बसले. एकेका पितराचं नाव घेऊन कुंकवाचं बोट ओढत, पाणी सोडत गेले. आजोबा, वडील, चुलते. शेवटी थोरल्या भावापाशी आले आणि आवाजच फुटेना. बोट तसंच अधांतरी. सगळे थांबलेले. बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. मी आजवर कधी घेतलं नव्हतं.

घेतलं. गिरधर.

भाऊंनी बोट ओढलं.

जेवणानंतर त्यांनी विचारलं, शेडचं काय. म्हटलं, उद्यापासून कापूस आणा. स्पारच्या लाकडाचं कपाट होईल का, असं वना विचारतोय. होऊ दे.

गादी घरात आणली. जेवताना बसायला बरी आहे. थोडी उंच होते.